बोगदा सोडा, घाट धरा: नॉर्वेच्या फ्योर्डांमधून स्वतः गाडी चालवत नऊ दिवस

बर्गनहून गाडी काढली की मोबाइलमधला नकाशा तुम्हाला सारखा बोगद्यात घालत राहतो. लवकर पोचवणं हे त्याचं काम, आणि पश्चिम नॉर्वेत लवकर पोचायची वाट डोंगराच्या पोटातून जाते. ऑरलँड आणि लेर्डाल ही दोन गावं घ्या. त्यांना जोडणारा बोगदा २४.५ किलोमीटरचा आहे. तो २००० साली सुरू झाला आणि रस्त्याच्या बोगद्यांमध्ये जगात सर्वांत लांब आहे. वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही पलीकडे असता. त्याच दोन गावांमधला घाट ४७ किलोमीटरचा आहे, १३०६ मीटरपर्यंत चढतो, आणि जूनमध्येही माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती असतात. नकाशा घाटाचं नावसुद्धा काढत नाही.

हे सगळीकडेच आहे. बोगदे झाले तरी नॉर्वेने जुने घाट मोडीत काढले नाहीत. त्यातले निवडक रस्ते नीट राखले, थांबायला जागा बांधल्या आणि त्यांना राष्ट्रीय पर्यटन मार्ग म्हणून दर्जा दिला. असे १८ मार्ग आहेत. म्हणून या सहलीची आखणी गावांपासून सुरू करू नका. आधी घाट निवडा, त्यांना जोडणारी मुक्कामाची गावं मग आपोआप ठरतात. मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी गावं ठरवून, मे महिन्यात गेलो आणि ट्रोलस्टीगन या घाटाच्या बंद फाटकापासून परत फिरलो. दुसऱ्यांदा घाट ठरवून, जूनच्या उत्तरार्धात गेलो. बायको आणि अडुसष्ट वर्षांची आई बरोबर होती. खाली लिहिलंय ते मुख्यतः त्या दुसऱ्या सहलीतून.

आधी फ्योर्ड समजून घ्या

कोकणातली खाडी डोळ्यांसमोर आणा. नदी समुद्राला मिळते तिथे समुद्राचं पाणी आत शिरलेलं असतं. फ्योर्डातही समुद्रच आत शिरलाय, पण ती दरी नदीने कोरलेली नाही. हिमयुगात शेकडो मीटर जाडीच्या हिमनद्या सरकत गेल्या आणि त्यांनी दरीचा तळ समुद्रपातळीच्याही खूप खालपर्यंत खरवडून काढला. बर्फ वितळला, समुद्र आत आला. म्हणून कडे सरळ पाण्यात उतरतात. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून जास्त आत घुसलाय आणि सर्वांत खोल जागी १३०० मीटर खोल आहे, आणि मुखाशी मात्र उथळ. हिमनदी समुद्राकडे पातळ होत गेली आणि तिचं खरवडणं तिथे थांबलं, म्हणून तिथे उंबरठ्यासारखा भाग उरला.

गाडी चालवणाऱ्याला हे कळायला हवं, कारण इतक्या खोल पाण्यात पुलाचे खांब उभे राहत नाहीत. रस्ता काठाकाठाने जातो, नाहीतर वर चढतो, नाहीतर पाण्यापाशी येऊन संपतो आणि पुढे फेरीबोट असते. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये दोन-दोन तास जाऊ शकतात. आई मूळची गुहागरची. धोपाव्याहून दाभोळला जाणारी जेटी तिच्या सवयीची, त्यामुळे गाडीसकट बोटीवर चढण्याचं तिला काहीच वाटलं नाही. कोकणात जाणाऱ्यांना इथला प्रवास लवकर अंगवळणी पडेल.

कधी जायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि मराठी कुटुंबांची चूक इथेच होते. आपल्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते. नॉर्वेचे उंच घाट तेव्हा बर्फाखाली असतात किंवा नुकते उघडत असतात. सोग्नेफ्येलेचा घाट साधारण मेमध्ये उघडतो, ट्रोलस्टीगन बहुधा मेअखेरीस, आणि जुना स्ट्रीनचा घाट जूनमध्ये. नक्की तारीख दरवर्षी बर्फावर ठरते. दिवाळीच्या सुट्टीत तर बहुतेक घाट पुन्हा बंद झालेले किंवा बंद व्हायच्या बेतात असतात.

माझं मत स्पष्ट आहे: जूनचा दुसरा पंधरवडा. घाट उघडलेले, माथ्यावर बर्फ, वितळत्या पाण्याने सगळे धबधबे भरलेले, आणि रात्री अकरापर्यंत उजेड. जुलैत नॉर्वेच्या लोकांचीच सुट्टी असते, त्यामुळे लाकडी घरं मिळत नाहीत आणि फेरीला रांगा लागतात. ऑगस्ट निवांत, पण धबधबे बारीक होतात. सप्टेंबरात माळावरची झुडपं लाल-पिवळी होतात आणि गर्दी ओसरते. फोटोंची आवड असलेल्यांनी सप्टेंबर घ्यावा, फक्त वर लवकर बर्फ पडू शकतो हे धरून चालावं. शाळकरी मुलं असतील तर जूनचे पहिले दोन आठवडे हीच जागा उरते. तेव्हा ट्रोलस्टीगन उघडेल या भरवशावर न राहता दुसरा रस्ता मनात ठेवून जा.

कागदपत्रं

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. मुख्य मुक्काम नॉर्वेत असेल तर अर्ज नॉर्वेसाठीच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

गाडीसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि मुदत एक वर्ष असते. मूळ परवाना बरोबर ठेवा, एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ नाही. गाडी देणारे क्रेडिट कार्ड मागतात, आणि ते चालवणाऱ्याच्याच नावाचं असावं लागतं. अनामत रक्कम त्यावर अडवून ठेवतात. कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या, नाहीतर विमानतळावर खिडकीसमोर अडकायला होतं. दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला.

गाडी कोणती

लहान आणि ऑटोमॅटिक. मोठी एसयूव्ही घ्यायचा मोह टाळा. घाटातले काही रस्ते एकेरीच म्हणावेत इतके अरुंद आहेत आणि समोरून पर्यटकांच्या बस येतात. चार माणसं आणि चार बॅगा मावतील एवढी डिकी पुरे. डावीकडे स्टिअरिंग आणि उजवीकडून चालवायचं, ही सवय व्हायला एक दिवस लागतो. त्यात गिअरचा दांडा उजव्या हाताला आला की लक्ष विभागतं, म्हणून ऑटोमॅटिकच घ्या.

इलेक्ट्रिक घ्यावी का? नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दर दहांत जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे चार्जर लहान गावातही सापडतात. घाट उतरताना बॅटरीत थोडं परतही येतं. पण चार्जिंगची ॲपं, कार्डं, सवय या सगळ्याला वेळ लागतो. आयुष्यात इलेक्ट्रिक गाडी चालवली नसेल तर पहिल्यांदाच परक्या देशाच्या घाटात तिला हात घालू नका. पेट्रोल घ्या. तिथे पेट्रोलला ‘बेन्सिन’ म्हणतात. पंपावर आपणच भरायचं असतं, तेव्हा टाकीच्या झाकणावरचं आणि नळीवरचं नाव जुळवून मगच भरा.

टोलनाके नाहीत. फास्टॅगसारखी चीप भाड्याच्या गाडीत बहुधा असतेच, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल गाडी देणाऱ्यांमार्फत येतं. बहुतेक फेरींचंही तसंच. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम आणि पुढची काच यांचे फोटो काढा. आम्हाला परत करताना एका जुन्या ओरखड्याबद्दल विचारणा झाली आणि पहिल्या दिवशीच्या फोटोने तो विषय दोन मिनिटांत संपला.

आपला घाट, त्यांचा घाट

ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी चालवलेल्या माणसाला नॉर्वेचे घाट अवघड नाहीत. अवघड आहे ते आपल्या सवयी सोडणं. आपण वळणावर हॉर्न देतो. तिथे हॉर्न जवळपास ऐकूच येत नाही. तिथे वळणावर वेग उतरवायचा आणि आपली बाजू सोडायची नाही, एवढंच. अरुंद रस्त्यावर ठरावीक अंतराने निळ्या पाटीवर ‘एम’ हे रोमन अक्षर दिसतं. ती समोरासमोर आलेल्या गाड्यांना एकमेकांना वाट देण्याची जागा. ज्याला ती जागा जवळ आहे तो थांबतो, गरज पडली तर मागे घेतो. तिथे गाडी उभी करून फोटो काढायचे नसतात. मागे गाड्या साचल्या तर जागा मिळताच बाजूला व्हा. इथले लोक मागून दिवे मारणार नाहीत, पण कामाला निघालेले असतात.

उताराला गाडी गिअरवर उतरवा. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर निवडता येतो. त्याची खूण भाड्याने घेतानाच विचारून घ्या. सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, वास यायला लागतो. असा वास आला तर थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या.

बाकी नियम थोडक्यात. वस्तीत ५०, वस्तीबाहेर सर्वसाधारण ८०, आणि पाटीवर वेगळं असेल तर ते. दिवसाही दिवे चालू हवेत. जिथे कसलीच पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गावातल्या गल्ल्यांत हे फार लागतं आणि आपण हमखास विसरतो. वेगासाठी दंड हजारो क्रोनरचा (क्रोन हे तिथलं चलन) असतो, आणि काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात. दारूची मर्यादा आपल्याहून कडक आहे, ०.०२ टक्के. चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. आदल्या रात्री उशिरापर्यंत घेतलेलीही सकाळी मोजली जाते.

दोन गोष्टी फोनमध्ये असू द्या. हवामानासाठी ‘यर’ हे ॲप. ते नॉर्वेचंच आहे आणि तासातासाचा अंदाज देतं. आणि रस्ते विभागाची वाहतूक माहिती; नॉर्वेत असताना १७५ या नंबरवर फोन करूनही घाट उघडा आहे का हे कळतं. आम्ही रोज सकाळी चहाबरोबर या दोन गोष्टी पाहायचो. आणीबाणीत रुग्णवाहिकेला ११३, पोलिसांना ११२, आगीसाठी ११०.

राहणं आणि जेवण

हॉटेलपेक्षा कॅम्पिंगच्या जागेवरची लाकडी घरं घ्या. त्यांना ‘हित्ते’ म्हणतात. दोन खोल्या, शेगडी, फ्रीज, समोर फ्योर्ड. चादरी बहुतेक ठिकाणी आपल्या न्याव्या लागतात किंवा भाड्याने घ्याव्या लागतात, आणि निघताना घर झाडून-पुसून द्यायचं असतं. ते करायचं नसेल तर सफाईचे पैसे वेगळे. जून-जुलैसाठी ही घरं तीन-चार महिने आधी ठरवा. तंबू असेल तर मोकळ्या रानात, राहत्या घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपर्यंत मुक्काम करता येतो. तो हक्क १९५७ च्या कायद्याने सगळ्यांना दिलाय, पाहुण्यांनाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत उघड्यावर आग पेटवायला मात्र बंदी आहे.

बाहेर जेवण फार महाग. एक क्रोन म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये धरा आणि मग साधी पिझ्झाची किंमत पाहा, स्वयंपाक करण्याचं महत्त्व लगेच पटेल. थालिपिठाची भाजणी, पोहे, गोडा मसाला, मेतकूट, डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याचे लाडू घरीच ठेवा. तिथे लोणी उत्तम मिळतं. आईने पहिल्याच संध्याकाळी त्याचं तूप कढवलं. नळाचं पाणी थेट प्यावं. रेमा १००० आणि किवी ही स्वस्तातली दुकानं, पण रविवारी बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच दोन दिवसांचं सामान भरा. शाकाहाऱ्यांनी ‘ब्रुनोस्त’ हे तपकिरी, गोडसर चीज चाखावं; खव्याच्या जवळची चव आहे. आणि फेरीच्या कँटीनमध्ये ‘स्वेले’ मिळाली तर सोडू नका. ती जाड, मऊ गोड धिरड्यासारखी असते, आत लोणी-साखर किंवा ब्रुनोस्त. अंडं असतं, हे लक्षात ठेवा.

मार्ग, दिवसागणिक

बर्गनला उतरून पहिली रात्र गाडीविना काढा. विमानप्रवासाच्या थकव्यात नव्या बाजूने गाडी चालवणं बरं नाही. बंदरावरची ब्रिग्गेनची लाकडी वखारींची रांग १९७९ पासून जागतिक वारशात आहे. छत्री बॅगेबाहेरच ठेवा, या गावात वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

दुसऱ्या दिवशी गाडी घ्या आणि व्हॉसमार्गे ऑरलँड गाठा. साधारण १७० किलोमीटर, अर्ध्याहून जास्त बोगदे वाटतील, हात बसवायला ठीक आहे. वाटेत गुडवांगन येतं. तिथून फ्लोमपर्यंत नेरोयफ्योर्डातून माणसांची विजेवर चालणारी बोट जाते. अरुंद जागी दोन्ही कडे हाताशी आल्यासारखे वाटतात. एकाने गाडी पुढे न्यावी आणि बाकीच्यांनी बोटीने जावं. आम्ही तसंच केलं.

तिसरा दिवस ऑरलँडच्या घाटाचा. सकाळी आठच्या आत निघा. पहिले आठ किलोमीटर सर्वांत अरुंद आहेत आणि नऊनंतर बस सुरू होतात. वर स्टेगास्टाइन: डोंगरातून ३० मीटर बाहेर आलेला लाकडी सज्जा, फ्योर्डापासून ६५० मीटर उंचीवर, टोकाला फक्त काच. २००६ साली बांधला. बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तुम्ही पुढे जा. खरा घाट यानंतर आहे. झाडं संपतात, मग गवत संपतं, मग फक्त खडक, बर्फ आणि अर्धवट गोठलेली निळी तळी. चाळीसेक किलोमीटरमध्ये गाव नाही. आमच्यासमोर दहा मिनिटं मेंढ्या बसून होत्या, आणि त्या उठेपर्यंत थांबण्याशिवाय काही करायचं नसतं. वेदाहाउगाने इथे थांबा. दगडी वाटेने थोडं चाललं की कलाकार मार्क डायनने गुहेत मांडलेलं एक अस्वल दिसतं, माणसाच्या कचऱ्याच्या ढिगावर झोपलेलं. माथ्यावर धुकं असेल तर हट्ट करू नका, दोन तास थांबा, तरी नाही उघडलं तर बोगद्याने जा. त्यातही मधे तीन मोठ्या गुहा आहेत. चालवणाऱ्याला झापड येऊ नये म्हणून तिथे निळा-पिवळा उजेड केलाय.

खाली लेर्डालला उतरल्यावर वेळ असेल तर बोर्गुंडचं लाकडी चर्च पाहून या, साधारण ११८० चं. डांबराने काळं झालेलं, छपरावर सापासारखी तोंडं. मग फॉडनेस ते मानहेलर फेरी. फेरीला आधी जागा धरावी लागत नाही. रांगेत लागायचं, माणूस हात करेल त्या पट्टीत गाडी न्यायची, इंजिन बंद, हँडब्रेक ओढायचा आणि वरच्या मजल्यावर जायचं. मुक्काम लूस्टर भागात, गॉपनेच्या आसपास. दोन रात्री.

चौथा दिवस कमी चालवण्याचा. यॉस्टेडाल दरीत तासाभराच्या आत निगार्ड्सब्रेन ही हिमनदी येते. ती यॉस्टेडाल्सब्रेनचा एक फाटा, आणि यॉस्टेडाल्सब्रेन हे युरोपच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत मोठं हिमक्षेत्र. बर्फावर फक्त वाटाड्याबरोबर जा. हिमनदीच्या तोंडाशी दोरी आणि धोक्याची पाटी असते ती ओलांडू नका. तिथे घराएवढे तुकडे न सांगता कोसळतात आणि त्यात माणसं गेली आहेत. हिमनदी किती मागे सरकलीय हे वाटेत उघड्या पडलेल्या खडकांवरून कळतं. ते पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही. बर्फ नको असेल तर सोल्वोर्नहून छोट्या फेरीने उर्नेसच्या चर्चला जा. बाराव्या शतकातलं, हेही १९७९ पासून जागतिक वारशात.

पाचव्या दिवशी सोग्नेफ्येले. माझा सर्वांत आवडता घाट, ट्रोलस्टीगनपेक्षाही. गॉपने ते लोम १०८ किलोमीटर, माथा १४३४ मीटर, उत्तर युरोपातला सर्वांत उंच खिंडरस्ता. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर कमीच, पण अक्षांश ६१ चा, त्यामुळे जून संपत आला तरी बर्फावरून घसरणारी मुलं दिसतात. रस्ता होण्याआधी याच खिंडीतून किनाऱ्याचं मीठ आणि मासे घोड्यांवर लादून पलीकडे जायचे, परत येताना लोणी आणि कातडी यायची. आजचा रस्ता १९३८ साली पुरा झाला, आणि तो बेरोजगार तरुणांच्या हातांनी झाला. दगडी बांधकामाकडे नीट पाहा, सिमेंटशिवाय रचलेल्या भिंती अजून उभ्या आहेत.

स्क्योल्डनला फ्योर्ड संपतो आणि चढ सुरू होतो. ऑस्कर्सहाउगला थांबा. तिथून हुरुंगाने नावाच्या शिखरांचे सुळे समोर येतात. नंतरचा माथा चाळीस मिनिटांत पार होतो, पण तीन तास ठेवा. मेफ्येलेला क्नुट वोल्डचं चौकटीसारखं दगडी शिल्प आहे, त्यातून समोरचे डोंगर चौकटीत बसलेले दिसतात. आई तिथे दगडावर बसून राहिली, म्हणाली, “इथे मला एक तास द्या.” आम्ही दीड तास दिला. उतरल्यावर लोम. हे गाव पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरानंतर माणदेश यावा तसं, एका घाटात हवा बदलते. तिथलंही लाकडी चर्च बाराव्या शतकातलं, आणि नदीकाठच्या बेकरीसमोरची रांग पाहून वळू नका, ती पटापट सरकते.

सहाव्या दिवशी लोमहून ग्रोटली. तिथे आणखी एक निवड करायची: थेट गेइरांगर, की आधी जुना स्ट्रीनचा घाट. हा २७ किलोमीटरचा रस्ता १८९४ साली खुला झाला, काही भाग अजून खडीचा आहे, आणि कड्याच्या बाजूला कठड्याऐवजी ओळीने उभे केलेले दगड आहेत. पाऊस नसेल आणि हात बसला असेल तर जा. खाली उतरून बोगद्यांमधून परत वर येता येतं. नंतर डाल्सनिब्बा, १४७६ मीटर, टोल भरून वर जायचं. आधी तिथला वेबकॅम पाहा. ढग असतील तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवा.

गेइरांगर गावात मुक्काम कराच. दिवसा क्रूझमधून हजारो लोक उतरतात, संध्याकाळी जहाजं जातात आणि मग दरीत फक्त पाण्याचा आवाज उरतो. फ्योर्ड २००५ पासून जागतिक वारशात आहे. हेलेसील्टला जाणारी फेरी तासाभराची. वाटेत सात बहिणी नावाचा धबधबा आणि कड्यावर टांगल्यासारखी सोडून दिलेली शेतघरं दिसतात. या सुंदर डोंगरांना दुसरी बाजूही आहे. १९३४ साली जवळच्या ताफ्योर्डात कडा कोसळून उठलेल्या लाटेत ४० माणसं गेली. आजही ओक्नेसच्या कड्याला पडलेली भेग रात्रंदिवस मोजली जाते, आणि काठच्या गावांत सुटकेच्या वाटांच्या पाट्या लावल्या आहेत. गावात आल्या आल्या ती वाट पाहून ठेवा.

सातवा दिवस लवकर सुरू करा. अकरा वळणांच्या गरुड रस्त्याने वर चढा, ओर्नेस्विंगेनच्या वळणावरून फ्योर्ड मागे वळून पाहा. मग आइड्सडाल ते लिंगे दहा मिनिटांची फेरी आणि वाल्डाल, तिथे जूनअखेर-जुलैत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला असतात. गुडब्रान्सयुवेतला नदी एका चिंचोळ्या घळीत कशी पिळून जाते ते पाहा. नंतर ट्रोलस्टीगन. या दिशेने आलात की आधी माथा लागतो, म्हणून आधी वरून सगळी वळणं पाहता येतात आणि मग उतरायचं. हाच क्रम बरा. हॉकोन सातवे या राजाच्या हस्ते १९३६ साली हा रस्ता खुला झाला. वळणं अकरा, आणि मधून स्टिगफॉसेन धबधबा कोसळतो, पुलावर त्याचे तुषार काचेवर येतात. सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर उतरा. मधल्या वेळात बस वळणावर अडकल्या की रांग हलत नाही.

२०२४ मध्ये दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे हा रस्ता जूनमध्येच बंद झाला आणि त्या वर्षीचा उरलेला हंगाम बंदच राहिला. म्हणून आदल्या रात्री नक्की पाहा. बंद असेल तर लिंगेहून शोहोल्टमार्गे ओन्डल्स्नेसला जाता येतं. लांब पडतं, पण मुक्काम चुकत नाही.

आठव्या दिवशी ओन्डल्स्नेसजवळ ट्रोलवेगेन पाहा. हजार मीटरहून उंच, सरळ उभा कडा, खालून मान दुखेपर्यंत वर पाहत राहावं असा. दुपारून ऑलेसुन्ड, सुमारे १२० किलोमीटर. जानेवारी १९०४ मध्ये हे गाव एका रात्रीत जळालं आणि तीनेक वर्षांत त्या काळच्या नव्या शैलीत पुन्हा बांधलं. म्हणून सगळ्या इमारती एकाच घरातल्या भावंडांसारख्या दिसतात. आक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून संध्याकाळ तिथे काढा. वर गाडीही जाते, आईला मी गाडीने नेलं.

नवव्या दिवशी गाडी ऑलेसुन्डच्या विमानतळावर सोडा. घेतलेल्या गावी परत न दिल्याबद्दल जादा आकार पडतो. तो वाचवायचा तर आणखी दीड-दोन दिवस काढून किनाऱ्याच्या रस्त्याने बर्गनला परता. त्या वाटेवर लाविक-ओपेडाल फेरी लागते, जिथे २०१५ साली गाड्या वाहणारी जगातली पहिली पूर्ण विजेवरची फेरी सुरू झाली. टोल आणि फेरींची बिलं घरी आल्यावर महिना-दोन महिने कार्डावर येत राहतात. तोवर ते कार्ड बंद करू नका, आणि कुठल्या दिवशी कुठली फेरी घेतली हे वहीत लिहून ठेवा, म्हणजे ताळा करता येतो.